घरातलं ऑफिस, टेबलावरचा पसारा आणि "वहिनी, दोनच मिनिटं"

कागदोपत्री

मी टॅक्सची कामं करते. जीएसटी, इन्कम टॅक्स, छोट्या दुकानदारांची पुस्तकं लिहिणं. आधी एका सीएंकडे नोकरी होती, आता स्वतःचं काम घरूनच. सांगलीत टू बीएचके. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, प्रिंटर आणि एक लोखंडी रॅक.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: जीएसटीच्या मासिक रिटर्नवाल्यांचं ११ तारखेला आर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. मधे १४ ला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे समोरच्या व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी. ती क्लायंटच्या खरेदीशी जुळवायची आणि जे जुळत नाही त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) सोडायचं, नाहीतर फोन करून पिच्छा पुरवायचा. १४ ते २० हा काळ म्हणजे माझी आषाढी-कार्तिकी.

आणि नेमकं तेव्हाच सगळं होतं. यादीवर बोट ठेवून मी खाली सरकत असते, बेल वाजते. कुरिअर. परत बसते. एखादा क्लायंट दारात, हातात बिलांची प्लास्टिकची पिशवी, "वहिनी, दोनच मिनिटं." पिशवीत जुन्या तिमाहीची बिलं, लाईटचं बिल आणि एक लग्नपत्रिका. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो येतो. फोटो आडवा, फ्लॅश नेमका जीएसटी नंबरवर आणि कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा. मग व्हॉइस नोट. मग सासूबाईंचा प्रश्न, भाजीत गूळ घालू का? परत यादीकडे बघते तर कुठवर आले होते तेच कळत नाही.

दोन प्रश्न आहेत.
एक, कागद क्लायंटप्रमाणे लावावेत की महिन्याप्रमाणे? दोन्ही करून बघितलं, टेबल दिसायचं बंद झालंय.
दुसरा, ही मधली ये-जा कशी आवरता? "घरी आहे" म्हणजे "मोकळी आहे" हा समज कुणी मोडून काढलाय का?

---

झेंडू

पहिली! सावकाश लिहिते. आत्ता ऑफिसमध्ये आहे आणि कामाचा कंटाळा आला म्हणून धागा उघडलाय, त्यामुळे सल्ला द्यायचा नैतिक अधिकार नाही.

---

हिंजवडीचा_वाटसरू

मोठे हेडफोन घ्या. फोनचे नोटिफिकेशन बंद. पोमोडोरो वापरा: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को सिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी शिकत असताना काढलेली पद्धत, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून नाव पडलं. संशोधन सांगतं की एकदा व्यत्यय आला की परत कामात यायला २३ मिनिटं लागतात. म्हणजे दोन क्लायंट आले की तुमचा तास गेला.

---

कागदोपत्री

@हिंजवडीचा_वाटसरू, हेडफोन घातले की बेल मला ऐकू येत नाही, सासूबाईंना येते. मग त्या गुडघे धरत उठतात. त्यापेक्षा मीच उठलेली बरी. बाकी २५ मिनिटं सलग मिळाली तर टोमॅटोची गरजच पडणार नाही.

---

शंकासुर

त्या २३ मिनिटांबद्दल. आकडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (अर्व्हाइन) ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासातून आलाय, पण तो जसा फिरतो तसा तो नाही. माणूस २३ मिनिटं भिंतीकडे बघत बसत नाही. व्यत्ययानंतर तो मधे दुसरी कामं करतो आणि मग मूळ कामाकडे वळतो, तो सगळा काळ त्यात आहे. आणि त्यांच्याच २००८च्या एका प्रयोगात मधेमधे अडवलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं. फक्त त्यांना ताण, चिडचिड आणि घाई जास्त जाणवली. म्हणजे काम होतं, माणूस वैतागतो. कागदोपत्रीताईंचं वर्णन त्याच्याशी जास्त जुळतं.

त्यांनी आणखी एक दाखवलंय: बरेच व्यत्यय माणूस स्वतःच स्वतःला आणतो. (झेंडू, वाचताय ना?)

---

झेंडू

वाचतेय. त्यासाठीच काम थांबवलंय.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर महसूल खात्यात कधीच देऊन झालं आहे. सहा गठ्ठा पद्धत. १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली बसण्याची मांडणी, कागदांचं वर्गीकरण, कामाची रीत, सगळं नव्याने लावलं. तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर माहीत आहे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा साहेब तपासणीला आले की आधी टेबलावरचे गठ्ठे बघायचे, टिपणी नंतर.

प्रत्येक कारकुनाच्या ताब्यातल्या कागदाने सहापैकी एकाच गठ्ठ्यात असायचं:
निर्गतीसाठी आलेली, म्हणजे आपण काम करायचं ती प्रकरणं;
प्रतीक्षाधीन प्रकरणं;
नियतकालिकं, म्हणजे ठरल्या तारखेला पाठवायचे तक्ते;
स्थायी आदेश संचिका, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी परिपत्रकं;
अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं;
आणि 'ड' वर्गाचे, वर्षभराने नष्ट करायचे कागद.

यात मेख आहे ती दुसऱ्या गठ्ठ्यात. माझ्याकडचं काम झालंय, पण तलाठ्याचा अहवाल यायचाय, अर्जदाराने दाखला आणायचाय. हे कागद 'करायच्या' ढिगात राहिले की दर वेळी हाताला लागतात. उघडायचं, वाचायचं, "अरे हो, याचं उत्तर यायचंय" म्हणून पुन्हा ठेवायचं. दिवसभर काम केल्यासारखं वाटतं आणि निर्गती शून्य. प्रतीक्षाधीनात टाकताना वर चिठ्ठी लावायची: कोणाकडून काय यायचंय आणि स्मरणपत्र कधी द्यायचं. ती तारीख येईपर्यंत त्या कागदाकडे बघायचं नाही.

तुमच्या टेबलावरचे निम्मे कागद प्रतीक्षाधीन असतील असा माझा अंदाज. क्लायंटप्रमाणे की महिन्याप्रमाणे हा प्रश्नच गौण आहे. कागद कोणासाठी थांबलाय, तुमच्यासाठी की दुसऱ्यासाठी, एवढं बघून वेगळे करा.

---

बंड्या_नं_वन

सरकारी ऑफिसकडून टापटीप शिकायची!! हसून हसून पुरेवाट. माझ्या सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा कागद एका कचेरीत पावसाळा, हिवाळा, उन्हाळा बघून आला. तो बहुतेक सातव्या गठ्ठ्यात होता.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

@बंड्या_नं_वन, राग रास्त आहे. पद्धत चांगली आणि पाळणारा आळशी, असं आम्ही रोज बघितलं. प्रतीक्षाधीन गठ्ठा हा कामचुकारांचा लाडका, कारण त्यात टाकलं की आपली जबाबदारी संपते. म्हणून तर चिठ्ठीवर स्मरणपत्राची तारीख. तारीख नसलेला कागद तपासणीत परत टेबलावर आपटला जायचा. पुढे पुण्याला विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी साहेबांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण रखडू न देण्याची, मोहीम चालवली, तीही याच दुखण्यावर.

---

शंकासुर

काका, पद्धत आवडली, पण कागदोपत्रीताईंनी 'ड' गठ्ठा जपून वापरावा. जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त.

---

कागदोपत्री

@शंकासुर, ७२ महिने पाठ आहेत, त्यामुळेच तर रॅक वाकलाय.
@काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. संध्याकाळी सगळा ढीग जमिनीवर घेऊन बसते.

---

चाकणचा_सुपरवायझर

आमच्याकडे शॉपफ्लोअरवर फाइव्ह एस असतं, टोयोटाच्या कारखान्यातून जगभर गेलेलं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडून पुसून घ्या, त्याची रीत ठरवा, ती टिकवा. भिंतीवर फळा असतो, त्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेखा रंगवलेली. पान्याची जागा रिकामी दिसली की लांबूनच कळतं की १४-१५चा पाना कुणीतरी खिशात घालून चहाला गेलाय.

खरं सांगायचं तर पाचातलं शेवटचं कुणाला जमत नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी पिवळे पट्टे रंगवायचे, ऑडिट झालं की त्या पट्ट्यावर ट्रॉली. पण त्यातली एक गोष्ट घरी चालते. रेड टॅग. जी वस्तू टेबलावर का आहे ते सांगता येत नाही, तिला तारखेची लाल चिठ्ठी बांधून वेगळ्या खोक्यात टाका. महिनाभरात कुणी मागितली नाही तर बाहेर. आमच्या घरी या खोक्यात पहिल्यांदा माझीच बॅडमिंटनची रॅकेट गेली. बायकोने टॅग लावला.

---

ठाम_मत

एवढं पुराण कशाला? बेडरूमचं दार आतून बंद करायचं. दारावर पाटी लावायची: १० ते १ भेट नाही. लोकांना सवय आपण लावतो.

---

मिरच्यांची_फोडणी

@ठाम_मत, आणि कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?

---

ठाम_मत

घरात आणखी माणसं असतीलच की.

---

मिरच्यांची_फोडणी

असतात ना. तीच दार वाजवून विचारतात, "किती शिट्ट्या झाल्या?"

तुमच्या घरी तुम्ही दार बंद केलंत तर सगळे म्हणतील, हळू बोला, काम चाललंय. मी बंद केलं तर म्हणतील, हिला काय झालं? बरं नाही का? आणि बघायला आत येतील. मुलगा दारावर थाप मारून म्हणतो, "आई, तू काम करतेयस का?" हो म्हटलं की, "मग कंपास कुठाय?" त्याचे बाबा बाहेर सोफ्यावर.

---

ठाम_मत

हा समाजप्रबोधनाचा धागा नाही. मी उपाय सांगितला, घ्या वा सोडा.

---

न्यूजर्सीचा_नानू

भांडू नका, सगळ्यांची दारं वाजतात. इथे मी दार बंद करून बसतो, तर तिकडून फोन येतो. तुमच्याकडचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात इथले सकाळचे साडेनऊ, नेमका आमच्या रोजच्या मीटिंगचा मुहूर्त. काकूला सांगितलं कामात आहे, तर म्हणते, "सकाळी सकाळी कसलं काम?"

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. दार बंद करायचा पर्याय आमच्याकडे नाहीच, कारण पेशंटने हाक मारणं हा व्यत्यय नसून ड्युटी आहे. पण गोळ्या-इंजेक्शनच्या राउंडला मधे कुणी बोललं तर चूक होते, हे सगळ्या जगातल्या हॉस्पिटलांना माहीत आहे. काही ठिकाणी राउंड करणाऱ्या नर्सला 'बोलू नका' लिहिलेला वेगळ्या रंगाचा एप्रन देतात. ही कल्पना विमानातली. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की १०,००० फुटांच्या खाली, म्हणजे चढताना-उतरताना, कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द नाही. वर गेल्यावर गप्पा मारा. दिवसभर मौन कुणाला जमणार? नाजूक वेळ ठरवून तेवढीच सांभाळायची.

एप्रनने किती फरक पडतो ते सोडा, आपल्याकडे नातेवाईक एप्रनवरचं वाचून मग विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" आमचा खरा नियम दुसरा आहे. इंजेक्शन भरायला घेतलं की भरून, लेबल लावून मगच मान वर करायची. अगदीच पळावं लागलं तर परत आल्यावर ती बिनलेबलची सिरिंज फेकून द्यायची. आत काय भरलं होतं ते मला आठवतंय, असं म्हणणाऱ्या नर्सवर विश्वास ठेवायचा नाही, ती नर्स मी असले तरी.

ताई, तुमच्या यादीला लेबल लावा. बेल वाजली की आधी त्या ओळीवर खूण आणि एक शब्द, 'इथवर जुळलं', मग उठा. बेलवाला दहा सेकंद थांबतो.

---

झेंडू

@रात्रपाळी, दंडवत घ्या. 'दहा सेकंद थांबतो' हे मी मॉनिटरवर चिकटवलंय.

---

फॉल_पिको

मी इचलकरंजीची, घरी शिलाई करते. सिस्टर म्हणतात ते आमच्यात पण आहे. कात्री कापडात घातली की मी उठत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहू दे, यजमानांचा फोन येऊ दे. कटिंग निम्म्यात सोडलं की बाहीचा एक तुकडा कापला जातो आणि दुसरा त्याच अंगाचा कापला जातो. मग दोन्ही डाव्या बाह्या. मशीनवर असताना मात्र बोलते, हात चालू असतो.

पसाऱ्याचं म्हणाल तर एका ब्लाउजला एक पिशवी. त्यात कापड, अस्तर, मापाचं जुनं ब्लाउज आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी: नाव, तारीख, गळा कसा, हुक पुढे की मागे. कापलेले तुकडे त्याच कापडाच्या पट्टीने बांधून परत त्याच पिशवीत. लग्नसराईत तीसेक पिशव्या खुंटीला लटकतात, पण कुणी मधेच येऊन "माझं झालं का" विचारलं तर पिशवी उघडावी लागत नाही. कापलेल्या पिशव्या डावीकडच्या खुंट्यांवर, न कापलेल्या उजवीकडे. बसल्या जागेवरून सांगते.

आणि बायकांना वेळ दिली तर त्या पाळतात. दुपारी ३ ते ५ मापं आणि ट्रायल. पहिले काही दिवस रुसल्या. एकीने तर दुसरीकडे टाकलं ब्लाउज. दिवाळीला परत आली.

---

बंड्या_नं_वन

दोन डाव्या बाह्या!! फॅशन म्हणून खपवायची.

---

किराणा_भुसार

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो, कारण धाग्यात ज्याला सगळे शिव्या घालताहेत तो पिशवीवाला मीच. म्हणजे या ताईंचा नाही, दुसऱ्या एका टॅक्सवाल्यांचा.

आमची बाजू ऐका. सकाळी ८ पासून गल्ल्यावर. माल आला की बिल गल्ल्यामागच्या तारेला खोचतो. ती तार भरली की काढून पिशवीत. दुकान सोडून जाता येतं फक्त दुपारी १ ते ४ मध्ये. रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर कुणाच्या घरी जायचं? मग जेव्हा पोरगं गल्ल्यावर बसायला तयार होतं तेव्हा स्कूटर काढतो आणि पिशवी देऊन येतो. "दोन मिनिटं" म्हणतो कारण मला खरोखर दोनच मिनिटं असतात. आमचे साहेब बसवून घेतात, चहा पाजतात, तेव्हा माझाच खोळंबा होतो.

मला कुणी सांगितलं की अमुक तारखेपर्यंत पिशवी दाराबाहेरच्या पेटीत टाका, आत यायचं काम नाही, तर मी पेढे वाटीन. फक्त पिशवी मिळाली हे कळलं पाहिजे. एकदा पिशवी दिली की नाही यावरून वाद झालाय, त्यानंतर मी हातात दिल्याशिवाय हलत नाही.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

पोच! टपाल घेतलं की पोच द्यायची आणि आवक नोंदवहीत चढवायचं. लोक समोर येऊन बसतात ते बहुतेक वेळा पोच मिळत नाही म्हणून. किराणाशेठ, मुद्द्याचं बोललात.

---

ठाम_मत

म्हणजे शेवटी पाटी लावायचीच ना दारावर? मी काय वेगळं म्हणत होतो?

---

मिरच्यांची_फोडणी

तुम्ही 'येऊ नका'ची पाटी म्हणत होता, हे 'इथे टाका'ची म्हणताहेत. असो, माझा कुकर झाला.

---

कागदोपत्री

२० तारीख उलटली, आता सविस्तर लिहिते.

काकांचं ऐकून ढीग जमिनीवर मांडला. निम्म्याहून जास्त कागद प्रतीक्षाधीनच निघाले. कुणाचं बँक स्टेटमेंट यायचंय, कुणाच्या पुरवठादाराने बिल चुकीच्या नंबरवर टाकलंय. सहा गठ्ठे नाही केले, चारच: माझ्याकडे, दुसऱ्याकडे, दरमहाचं, रॅकवर. 'दुसऱ्याकडे'वर चिठ्ठी, नाव आणि फोन करायची तारीख. टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, टेबल नवीन घेतलं का?

किराणा_भुसार यांच्यासाठी खास: दाराबाहेर झाकणाची प्लास्टिकची पेटी ठेवलीय. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोरीने बांधलेलं पेन. नाव, महिना लिहून पिशवीला लावायचं. मी दुपारी आणि रात्री पेटी उघडते आणि व्हॉट्सॲपवर 'मिळाली' एवढंच पाठवते. बहुतेकांना आवडलं. दोघांना नाही. ते म्हणाले, इतक्या वर्षांची ओळख आणि आता पेटीत टाकायचं? त्यांना आत घेते, त्यांच्यासाठी वेळ जातो आणि जाऊ देते. सगळेच पेटीत गेले तर घरी ऑफिस ठेवण्यात मजा काय?

टू-बीच्या जुळवणीला सकाळी १० ते १२ ठेवलं, त्या वेळेत फोन उलटा. सिस्टरची युक्ती सगळ्यात जास्त चालली, 'इथवर' असा वेगळा रकानाच केलाय एक्सेलमध्ये. गुळाच्या प्रश्नावर तोडगा नाही निघाला. आता आदल्या रात्रीच विचारून ठेवतात, पण सकाळी भाजी बदललेली असते.

व्हॉइस नोटचं काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही. सहा मिनिटांची नोट, त्यात पाचव्या मिनिटाला एक आकडा.

---

हिंजवडीचा_वाटसरू

व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐका. किंवा 'आकडा टाईप करा' एवढं एकच उत्तर तयार ठेवून सगळ्यांना चिकटवा. आमच्या मॅनेजरवर हे चाललं, क्लायंटवरही चालेल.

---

चाकणचा_सुपरवायझर

टेबल दिसलं त्याबद्दल अभिनंदन. फोटो काढून भिंतीला लावा, टेबलाने कसं दिसायचं ते टेबलालाच समोर दिसलं पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक मशीनजवळ असा फोटो असतो. तीन महिन्यांनी तुलनेला परत टाका इथे, बघू शित्सुके जमतं का.

---

फॉल_पिको

ताई, पेटी छान. पावसाळ्यात मात्र आत घ्या, नाहीतर बिलांचा लगदा.

थोडं अवांतर. माझं काम आता वाढलंय, दोन मुली हाताखाली आहेत. मला जीएसटी नंबर घ्यावा लागेल का?

---

कागदोपत्री

नुसती शिलाईची सेवा असेल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणी सक्तीची नाही. कापडही विकत असाल तर हिशेब बघावा लागेल. व्यक्तिगत निरोप करा, पण आकडे लिहून. बोलून नको.

---

न्यूजर्सीचा_नानू

मलाही एक शंका होती, एनआरओ खात्यावरच्या (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) टीडीएसची.

---

बंड्या_नं_वन

मागे उभे राहा नानू, माझ्या वारस नोंदीनंतर.